सुळा मागे येतो, मूळ जागचं हलत नाही: सरळ तारेत १०:१ आणायचं कुठून?

विचारणा | पीजी_ऑर्थो

ब्रेसेसची, वरच्या दोन्ही पहिल्या उपदाढा काढलेली केस; त्या जागेत सुळा मागे न्यायचाय. ब्रॅकेटचा स्लॉट (तार बसते ती खाच) ०.०२२ इंचाचा, तार ०.०१६ इंचाची नायटाय (निकेल-टायटॅनियम), सुळ्याच्या ब्रॅकेटपासून पहिल्या दाढेच्या हुकापर्यंत इलास्टिक चेन. लावताना गेजवर १५० ग्रॅम. क्राऊन (दाताचा हिरडीबाहेरचा भाग) मागे येतोय, पण सुळा कलंडतोय आणि मुळाचा उंचवटा हिरडीवर होता तिथेच हाताला लागतो. चेन २५० ग्रॅमवर नेली की सरकणं जवळजवळ बंद आणि कलंडणं जास्त. त्यात आता चावा खोल झालाय, लॅटरल (सुळ्याशेजारचा पटाशीचा दात) खाली उतरलाय आणि दुसऱ्या उपदाढेपाशी वरचे-खालचे दात टेकत नाहीत.

‘बॉडिली मूव्हमेंटला (क्राऊन आणि मूळ एकत्र सरकायला) मोमेंट-फोर्स रेशो, म्हणजे फिरवणारा जोर भागिले ओढ, १०:१’ हे तोंडपाठ आहे. पण इथे लूप नाही, बेंड नाही, नुसती सरळ तार. मग उलटा मोमेंट देणार कोण? फोर्स नेमका किती ठेवायचा? आणि पटाशीच्या दातांवर काहीच ओढ दिलेली नसताना चावा का खोल व्हावा?

प्रतिसाद | आघूर्ण

तिन्ही शंकांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: तार स्लॉटला ज्या दोन कडांवर टेकते तिथे. जरा सविस्तर लिहितो.

सुळ्याचं सेंटर ऑफ रेझिस्टन्स (जिथून ओढलं तर दात न कलंडता सरकतो तो बिंदू) मुळाच्या आत असतं, हाडाच्या कडेपासून शेंड्याकडे जाताना मुळाच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्याच्या दरम्यान. ब्रॅकेटपासून ते साधारण १० मिमी वर धरतात. ब्रॅकेटला १०० ग्रॅमने मागे ओढलं की सेंटरपाशी दोन गोष्टी पोचतात: १०० ग्रॅम फोर्स, आणि १०० × १० म्हणजे १००० ग्रॅम-मिमीचा, क्राऊन मागे कलंडवणारा मोमेंट. कलंडणं रोखायचं तर ब्रॅकेटवर तेवढाच उलटा मोमेंट हवा. हजाराला शंभराने भागा, तुमचा १०:१ आला. म्हणजे पाठ केलेला आकडा मुळात ते १० मिमीचं अंतरच आहे, आणि अंतर बदललं की आकडाही बदलतो. हाड झिजलेल्या दातात सेंटर शेंड्याकडे सरकतं. अंतर १३ मिमी झालं तर १३:१ लागतो. १०:१ वर तो दात कलंडतच राहणार. उलटा मोमेंट अजिबात नसेल तर अनकंट्रोल्ड टिपिंग (क्राऊन मागे, शेंडा पुढे), ५ ते ७ च्या आसपास शेंडा जागेवर राहून क्राऊन मागे येतो, आणि १२ च्या पुढे मूळ क्राऊनपेक्षा जास्त सरकू लागतं.

सरळ तारेत उलटा मोमेंट तयार होतो तो दात कलंडल्यामुळेच. सुळा मागे कलला की स्लॉटची पुढची कड खाली जाते, मागची वर. तार सरळ राहू पाहते, म्हणून पुढच्या कडेला वर ढकलते आणि मागच्या कडेला खाली. हे झालं कपल, म्हणजे दात फिरवणारी उलट-सुलट फोर्सची जोडी. ब्रॅकेट ४ मिमी रुंद असेल तर १००० ग्रॅम-मिमीसाठी प्रत्येक कडेवर २५० ग्रॅम पडतात. २ मिमी रुंद असेल तर ५००.

पण कपल सुरू व्हायच्या आधी मोकळीक संपावी लागते. ०.०२२ मध्ये ०.०१६ ची तार म्हणजे ०.००६ इंच, ०.१५ मिमी मोकळीक. ४ मिमी रुंद ब्रॅकेटमध्ये दात सुमारे २.२ अंश कलंडेपर्यंत तारेला त्याचा पत्ताच नसतो. ०.०१९ × ०.०२५ च्या तारेत हाच कोन १.१ अंशावर येतो. तरी एवढ्याने फारसं बिघडत नाही. घोडं पेंड खातं ते पुढे: ०.०१६ नायटाय मोकळीक संपल्यावरही वाकत जाते, आणि सुपरइलास्टिक तार एकदा पठारावर पोचली की आणखी वाकवूनही मोमेंट फारसा वाढत नाही. हजारापर्यंत ती जातच नाही. फोर्स २५० केलात तेव्हा गरज २५०० ची झाली, तार मात्र तीच राहिली. रेशो आणखी घसरला आणि दात आणखी कलला.

चाव्याचंही गणित याच कोनात आहे. कललेल्या स्लॉटमधून पुढे निघणारी तार खाली तोंड करून निघते आणि आधी लॅटरलला, मग सेंट्रलला (मधल्या पटाशीच्या दाताला) खाली ओढते. मागच्या बाजूला तीच तार वर तोंड करून निघते आणि दुसऱ्या उपदाढेला वर उचलते. पुढे खोल चावा, बाजूला फट. यालाच रोलर कोस्टर म्हणतात. पटाशीच्या दातांवर चेन नाही हे खरं, पण तार तिथे बांधलेली आहे, आणि तेवढं पुरतं.

आता सरकणं का थांबलं ते. दोन्ही कडांवरचे २५० + २५० मिळून तार ५०० ग्रॅमने दाबली जाते. घर्षणाचा गुणांक गणितापुरता ०.२ धरला तर १०० ग्रॅम तिथेच खर्च. दाताला १०० पोचवायचे तर स्प्रिंगवर २०० लागतात. ही झाली ताठ तारेची गोष्ट. नायटाय वाकून कडांना आवळून धरते, मग साधं घर्षण मागे पडून बाइंडिंग सुरू होतं. ओढ वाढवली की कोन वाढतो, कोन वाढला की बाइंडिंग वाढतं. अशा वेळी चेन बदलत राहणं म्हणजे अडकलेल्या दाताला आणखी अडकवणं.

तार बदलायला हवी ती यासाठी. गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: ०.०१६ स्टीलवरून ०.०१८ स्टीलवर गेलात की १.६ पट. त्या ०.०१८ च्या तुलनेत ०.०१९ × ०.०२५ स्टील वर-खाली वाकायला पावणेतीन पट ताठ. ०.०२२ स्लॉटमध्ये स्लायडिंगसाठी हीच तार वापरतात ती उगाच नाही. सुळा एकटाच मागे न्यायचा असेल तर निदान ०.०१८ स्टील हवी, त्याखाली नको. आणि ताठ तार घालण्याआधी अलाइनमेंट (दात एका रांगेत आणणं) पूर्ण झालेलं हवं. तार स्लॉटमध्ये निष्क्रिय पडून राहते का ते बघा, नुसत्या चिमट्याने मागे-पुढे सरकली पाहिजे. एका ब्रॅकेटची उंची चुकलेली असेल तर सगळं गणित तिथेच अडतं.

फोर्सबद्दल. सुळा बॉडिली सरकवायला दाताला प्रत्यक्ष ७० ते १२० ग्रॅम पोचले की पुरतं. नुसत्या टिपिंगला ३५ ते ६०. लिगामेंट (मूळ आणि हाडामधला थर) जेमतेम पाव मिमी जाडीचं असतं. जास्त दाबलं की त्यातल्या केशवाहिन्या मिटतात, पेशी मरतात, हायलिनायझेशन होतं. मग हाड लिगामेंटच्या बाजूने विरघळण्याऐवजी मागून मज्जेच्या बाजूने पोखरलं जातं आणि आठवडा-दोन आठवडे दात जागचा हलत नाही. या काळात मागे काय होतं तेही बघा. चेन दाढेलाही तेवढ्याच जोराने पुढे ओढते आहे. दाढेच्या मुळांचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून १०० ग्रॅमला तिच्या लिगामेंटवर दाब इतका कमी की ती फारशी हलत नाही. २५०-३०० ला तोच दाब दाढ सरकवण्याइतका होतो. सुळा अडलेला आणि दाढ पुढे येतेय, असा अँकरेज (दाढेचा आधार) जाण्याचा नेहमीचा प्रकार.

चेनऐवजी १५० ग्रॅमची नायटाय क्लोज्ड कॉइल स्प्रिंग लावा. चेन पहिल्या २४ तासांतच सुरुवातीचा निम्म्याच्या आसपास फोर्स गमावते, म्हणून लोक ती लावतानाच जोरात ओढतात, आणि नेमका पहिल्या दिवसाचा तो जोर लिगामेंटला नडतो. कॉइल गेजवर मोजताना तोंडात जेवढी ताणणार तेवढीच ताणून मोजा, आणि ताण सोडत येताना मोजा. नायटाय ताणताना जास्त आणि सोडताना कमी फोर्स दाखवतं. दाताला मिळतो तो सोडतानाचा.

प्रतिसाद | स्लॉट_बावीस

वरचं सगळं मान्य. भर म्हणून दोन उपाय. सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट (तार धरायला स्वतःचं दार असलेले) असतील तर घर्षणाचा भाग बराच हलका होतो. दुसरं म्हणजे ब्रॅकेटला पॉवर आर्म (हिरडीकडे वर जाणारा दांडा) लावून ओढ वरून द्या. फोर्स सेंटरमधून गेला की उलटा मोमेंट लागतच नाही.

प्रतिसाद | आघूर्ण

पॉवर आर्मशी सहमत, सेल्फ-लायगेटिंगशी नाही. त्या ब्रॅकेटचं दार लिगेचरच्या (तार ब्रॅकेटला बांधणाऱ्या कडीच्या) आवळण्यामुळे होणारं घर्षण कमी करतं. दात सरळ आणि तार बारीक असताना, म्हणजे अलाइनमेंटच्या काळात, त्याचा उपयोग आहे. पण इथे अडथळा आहे तो तार स्लॉटच्या दोन कडांवर दाबल्यामुळे, आणि हजाराच्या मोमेंटला लागणारे कडांवरचे फोर्स दाराने बदलत नाहीत. उलट ब्रॅकेट अरुंद असेल तर ते वाढतात: २ मिमी रुंदीला दोन्ही मिळून १००० ग्रॅम, त्याचे ०.२ ने २०० ग्रॅम घर्षण.

पॉवर आर्मचे आकडे बघा. गालाच्या खोबणीत जागा नसल्यामुळे पूर्ण १० मिमी सहसा जमत नाही. ७ मिमीचा आर्म असेल तर सेंटरपासून उरलं ३ मिमी, मोमेंट ३०० ग्रॅम-मिमी, ४ मिमी ब्रॅकेटच्या कडांवर ७५-७५ ग्रॅम आणि घर्षण १०० वरून ३० ग्रॅमवर. फायदा मोठा आहे. मात्र तीन गोष्टी सांभाळा. आर्म ब्रॅकेटलाच जोडलेला हवा. तारेला क्रिम्प केलेला आर्म तारेला पिळतो आणि तो पीळ दाताला पोचायच्या आधी स्लॉटमधल्या मोकळिकीतच संपतो. आर्म ताठ हवा, १५० ग्रॅमला वाकणारा नको. आणि मागचं टोकही त्याच उंचीवर हवं. दाढेचा हुक खाली आणि आर्म वर असेल तर ओढीची रेषा तिरपी होऊन सुळ्याला खाली उतरवते. मिनीस्क्रू (हाडात बसवलेला आधाराचा स्क्रू) वर आणि सुळ्यावरचा हुक खाली असेल तर याच्या उलट, सुळा वर दाबला जातो.

प्रतिसाद | बीटा_बेंड

सगळे बाजूने बघताहेत, म्हणून वरून दिसणारा मोमेंट. ब्रॅकेट दाताच्या अक्षापासून सुमारे ४ मिमी बाहेर असतो. १०० ग्रॅमला ४०० ग्रॅम-मिमीचा मोमेंट सुळ्याला उभ्या अक्षाभोवती फिरवतो: मागची कड टाळूकडे आत, पुढची बाहेर. इलास्टिक लिगेचर सैल पडलं की हे लगेच दिसतं. सुळा स्टील लिगेचरने बांधा आणि ब्रॅकेटचे मागच्या बाजूचे पंख तारेला टेकलेले आहेत ना ते प्रत्येक भेटीत बघा. फिरणं आधीच झालं असेल तर टाळूच्या बाजूला बटण लावून तिथूनही हलकी ओढ द्या. दोन्ही बाजूंची बेरीज तुमच्या ठरलेल्या फोर्सइतकीच ठेवा.

आता लूपविषयी (तारेतच वळवून केलेली स्प्रिंग), कारण घर्षण नको असेल तर तो सरळ मार्ग आहे. साधा उभा लूप नुसता उघडला तर त्याचा रेशो त्याच्या मिमीतल्या उंचीच्या निम्म्याएवढाही नसतो. म्हणून फक्त उंची वाढवून १०:१ गाठता येत नाही. बाकीचा मोमेंट आधी दिलेल्या गेबल बेंडमधून (छपरासारख्या बाकातून) यायला हवा. बेंडचा मोमेंट लूप मिटत आला तरी बराचसा टिकतो, फोर्स मात्र झपाट्याने उतरतो. परिणाम हिशेबाने दाखवतो. समजा स्प्रिंगचा फोर्स मिमीला ४० ग्रॅम, बेंडचा मोमेंट ८००, आणि दर ग्रॅम फोर्समागे लूपचा स्वतःचा ३. पाच मिमी उघडलात: २०० ग्रॅम, मोमेंट १४००, रेशो ७. दोन मिमी जागा मिटली: १२० ग्रॅम, ११६०, रेशो ९.७. आणखी एक मिमी: ८० ग्रॅम, १०४०, रेशो १३. म्हणजे एकाच अॅक्टिव्हेशनमध्ये आधी कंट्रोल्ड टिपिंग, मग बॉडिली, मग मूळ मागे. शेवटचा टप्पा सगळ्यात हळू आणि बाहेरून काहीच होत नसल्यासारखा दिसणारा. इथेच दर चार आठवड्यांनी लूप पुन्हा उघडणारे फसतात: प्रत्येक वेळी रेशो ७ वर परत येतो, तिसरा टप्पा कधी येतच नाही, आणि शेवटी लूपला दोष दिला जातो. तीन मिमी मिटेपर्यंत हात लावू नका.

टी-लूप ०.०१७ × ०.०२५ टीएमएचा (टायटॅनियम-मॉलिब्डेनम तारेचा) करा. टीएमएचा ताठपणा स्टीलच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे मिमीमागचा फोर्स आटोक्यात राहतो. बेंड थोडे जास्त देऊन मग थोडे परत उलगडा, म्हणजे तोंडात गेल्यावर कोन उतरत नाहीत. आणि बेंड दिल्यावर लूपच्या मधल्या पायांची न्यूट्रल जागा बदलते: तोंडात दोन्ही टोकं स्लॉटला समांतर आणली की ते पाय एकमेकांवर चढतात. अॅक्टिव्हेशन तिथून मोजायचं. पाय नुसते टेकलेले असताना शून्य धरलंत तर दोन-तीन मिमी जास्तीचं अॅक्टिव्हेशन नकळत जातं, आणि रेशो पहिल्याच दिवशी पडतो.

विचारणा | पीजी_ऑर्थो

खूप आभार सगळ्यांचे. दोन गोष्टी राहिल्या. लूपऐवजी सेक्शनमध्ये (सुळा ते दाढ एवढ्याच तारेच्या तुकड्यात) नुसता गेबल बेंड द्यायचा असेल तर तो नेमका कुठे? आणि आत्ता सुळा कललेला आहे, त्याचं काय? थेट ०.०१९ × ०.०२५ स्टील घालून सरळ करावा का?

प्रतिसाद | बीटा_बेंड

दोन ब्रॅकेटच्या बरोब्बर मध्ये व्ही-बेंड असेल तर दोन्ही टोकांना समान आणि उलट मोमेंट, वर-खाली फोर्स शून्य. बेंड एका बाजूला सरकला की जवळच्या ब्रॅकेटचा मोमेंट वाढतो, दूरचा कमी होतो, आणि फरक भरून काढायला उभे फोर्स तयार होतात. अंतराच्या एक तृतीयांशावर दूरच्या ब्रॅकेटचा मोमेंट शून्य होतो. त्याही पलीकडे गेलात तर दोन्ही मोमेंट एकाच दिशेचे होतात. सुळ्याजवळ बेंड असेल तर सुळा खाली उतरतो आणि दाढ वर दबते. दाढेजवळ असेल तर सुळा वर जातो आणि दाढ उतरते. आता सुळा मागे येत जाणार, म्हणजे आज मध्ये दिलेला बेंड उद्या सुळ्याच्या जवळचा होणार. म्हणून सुरुवातीला तो मध्यापेक्षा थोडा दाढेकडे द्या. मधली उपदाढ तारेतून वगळा. अंतर जितकं जास्त तितकी बेंडच्या जागेतली चूक कमी नडते, आणि ब्रॅकेट बेंडवर येऊन आदळायची भीतीही कमी.

प्रतिसाद | आघूर्ण

कललेल्या सुळ्यावर थेट ताठ तार घालू नका. स्लॉट तिरपा असताना ती पूर्ण बसवली की सुळा सरळ व्हायच्या आधी पटाशीचे दात आणखी उतरतात, कारण सुळ्याच्या लांब मुळापेक्षा त्यांची मुळं लहान आणि तारेची पुढची बाजू त्यांना सहज खेचते.

आधी चेन काढा. सुळा दाढेला ०.०१० च्या स्टील लिगेचरने आठाच्या आकड्यात बांधा, ओढ न देता. पटाशीच्या चार दातांची तार वेगळी कापा, सुळ्याशी तिचा संबंध ठेवू नका. सुळा ते दाढ ०.०१७ × ०.०२५ टीएमएचा सेक्शन, उपदाढ वगळून, बेंड मध्यावर. इथे सुळा फारसा सरकणार नाही, म्हणून मध्यच बरोबर. सुळ्याला मूळ मागे नेणारा मोमेंट १२०० ग्रॅम-मिमीच्या आसपास पुरे. मूळ मागे जाताना क्राऊन पुढे यायला बघतो, लिगेचर तो धरून ठेवतं, आणि ती ओढ दाढेवर जाते. त्यामुळे दाढेला टाळूची पट्टी किंवा मिनीस्क्रूचा आधार आधीच असलेला बरा. भेटीत सुळा आणि दुसऱ्या उपदाढेमधली फट वाढलेली दिसली तर लिगेचर सैल झालंय असं समजा. मूळ मागे आलेलं नाही, क्राऊन पुढे गेलाय.

सहा आठवडे सेक्शनला हात नको. पटाशीच्या दातांचा खोल चावा याच काळात वेगळ्या इंट्रूजन आर्चने (दात वर दाबणाऱ्या तारेने) हाताळता येतो: चारही दातांना मिळून ४० ते ६० ग्रॅम. दर दाताला १० ते २० ग्रॅम ही मर्यादा पाळा, इंट्रूजनमध्ये फोर्स शेंड्याच्या लहानशा भागावर एकवटतो आणि जास्त दिला तर मुळं झिजतात. ६० ग्रॅम ३० मिमीवरून दिले की दोन्ही दाढांना मिळून १८०० ग्रॅम-मिमीचा क्राऊन मागे झुकवणारा मोमेंट मिळतो, दर दाढेला ९००. तुमच्या केसमध्ये तो अँकरेजच्या बाजूनेच काम करतो.

मूळ आलं की नाही हे ओपीजीवरून (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवरून) ठरवू नका. सुळा-उपदाढेच्या वळणावर त्यात मुळांचे कोन बदलून दिसतात. समांतर असलेली मुळं एकमेकांकडे झुकलेली वाटतात, आणि उलटही होतं. सुळा आणि दुसरी उपदाढ एका छोट्या आयओपीए (तोंडात ठेवून काढायच्या एक्स-रे) फिल्मवर घ्या, आणि हिरडीवरून बोट फिरवून मुळाचा उंचवटा क्राऊनच्या रेषेत आलाय का ते बघा. स्लॉट उपदाढेच्या स्लॉटशी समांतर झाला आणि ०.०१८ स्टील हाताने सहज बसली की मग पुन्हा १५० ग्रॅमची कॉइल.